दंडावरची काळी रिबीन

मी ज्या व्यक्तीचा सर्वांत जास्त ऋणी आहे, त्या म्हणजे आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मॅडम. आईवडिलांचे ऋण वेगळे, ते माणूस जन्मतःच घेऊन येतो. मॅडमचे ऋण मात्र मी माझ्या डोळ्यांनी वाढताना पाहिले.

आमचे गाव दर्यापूरच्या पलीकडे, खारपाणपट्ट्यात. विहिरीचे पाणी खारे आणि माती अशी चिकट की पावसाळ्यात चप्पल पायात राहत नाही. शाळेत खेळाचा वेगळा शिक्षक नव्हता. मॅडम दिवसा भूगोल शिकवायच्या आणि शाळा सुटली की पदर खोचून कबड्डी. मैदान आखायला चुना पुरायचा नाही, म्हणून प्रत्येकाने घरच्या चुलीतली राख डब्यातून आणायची. बाहेरच्या रेघा राखेच्या. मधली रेघ मात्र मॅडम स्वतः चुन्याने ओढायच्या.

"बाकीच्या पुसल्या तं पुसल्या," त्या म्हणायच्या. "मधली पक्की पाह्यजे. ते एकट्याची नसते, दोघायची असते."

त्यांचा दुसरा नियम हात वर करण्याचा. चढाई करणाऱ्याचे बोट आपल्याला लागले आणि पंचाने पाहिले नाही, तरी आपण होऊन हात वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचे. कोणी चुकवायला गेला की मॅडम खेळ थांबवायच्या.

"लागलं का तुले?"

"नाही मॅडम."

"माह्याकडं पाहून सांग."

मग हात वर गेल्याशिवाय राहायचा नाही. तालुक्याच्या सामन्यांत दुसऱ्या शाळांची मुले आम्हाला 'हातवाले आले, हातवाले आले' म्हणून चिडवायची. आम्ही पुष्कळदा हरायचो. पण वाद झाला की पंच दुसऱ्या कोणाला न विचारता आम्हालाच विचारायचे. त्या वयात मला त्याचा केवढा अभिमान वाटे, हे आता सांगितले तर हसू येईल. खरे तर तो अजूनही वाटतो.

वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. बारावीनंतर मीही तिकडेच जाणार, हे घरात ठरल्यासारखेच होते. एका रविवारी मॅडम आमच्या घरी आल्या आणि बाजेवर बसल्या.

"पोराले अमरावतीले पाठवा."

"खेळाले?" वडील म्हणाले. "खेळून कोनाचं पोट भरते, मॅडम?"

"शिकाले. खेळानं कॉलेजात जागा भेटते, शिक्षणानं तिथी टिकता येते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन् तू ध्यानात ठेव. उद्या गुडघा गेला तं डोकं राह्यलं पाह्यजे."

अमरावतीच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. प्रमाणपत्र मिळाले त्या दिवशी आई ते पिशवीत घालून विहारात घेऊन गेली आणि वाचता न येणाऱ्या बायांनाही तिने ते हातात धरायला दिले. त्यानंतर अकोल्याच्या एका खाद्यतेलाच्या कंपनीने मला कबड्डीसाठी नोकरीवर घेतले. सकाळी सराव, दुपारी माल रवाना करण्याच्या विभागात काम. करार वर्षावर्षाचा. चांगला खेळ आणि चांगली वागणूक दिसली की कंपनी कायम करते. आई फोनवर जेवलास का विचारायच्या आधी "कायम झाला का?" विचारायची.

ज्या वर्षी माझे नाव कायम होणाऱ्यांत होते, त्याच वर्षी गावाहून बातमी आली की आमची शाळा बंद होणार. पटसंख्या कमी म्हणून ती शेजारच्या गावच्या शाळेत मिळवायची असे वरून ठरले होते. शेजारचे गाव दूर नाही, पण मधे नाला आहे. पावसाळ्यात त्याला पाणी आले की मोठी माणसेही अलीकडे थांबतात. गावातले लोक तहसीलसमोर धरण्याला बसले. माझा चुलतभाऊ बसला, त्याची बायको लेकरू घेऊन बसली. मॅडम बसल्या नाहीत. त्या सरकारी नोकर, त्यांना नियम होता.

मी त्यांना फोन केला. म्हटले, अमरावतीला आमचा अंतिम सामना आहे, एक मंत्री प्रमुख पाहुणे आहेत, मी काळी फीत बांधून उभा राहणार आहे.

मॅडम म्हणाल्या, "कंपनीच्या कपड्यात?"

"हो."

"पागल झाला का तू? माही शाळा हाय, मी गेली का धरण्यावर? मले नियम हाय म्हून मी गप बसली. तुले नाई का नियम? या नोकरीसाठी तुह्या बापाले मी बाजेवर बसून समजावलं, आन् तू फीत बांधून ते घालवतं?"

"मॅडम, तुमीच शिकवलं नं, लागलं तं..."

"मले माहे शब्द सांगू नको." फोन बंद झाला.

त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही. नोकरी जाण्याची भीती मला होतीच, पण मॅडमचे मन आपल्यावरून उतरले ही गोष्ट त्याहून जड होती.

तरीही मी अकोल्याच्या एका जनरल स्टोअरमध्ये गेलो. फितीऐवजी मी वेणीची काळी रिबीन मागितली. आमच्या शाळेतल्या मुली दोन वेण्यांना काळ्या रिबिनी बांधतात, माझ्या बहिणीही बांधायच्या. दुकानदार म्हणाला, "केवढी हाय पोरगी? लाल घेऊन जा, नाचाले चांगली दिसते." मी म्हटले, काळीच द्या.

लपवून काही करायचे नव्हते, म्हणून सराव संपल्यावर मी आमच्या मॅनेजरना सांगितले. ते स्वतः जुने खेळाडू, दोन्ही गुडघ्यांनी अधू, मनाने चांगले. त्यांनी मला बाकावर बसवले.

"हे पाह्य बेटा, जर्सी कोनाची?"

"कंपनीची."

"टाइम कोनाचा?"

"कंपनीचा. पण हात माझा आहे, साहेब."

"हात तुहा, पण त्या हाताचा पगार कोन देते? अन् माही अडचण समजून घे. आज तू काळी बांधली. उद्या कोनी निळी बांधन, कोनी भगवी, कोनी हिरवी. मी कोनाले हो म्हनू आन् कोनाले नाही? पकड कराची असते तवा एकमेकायचा हात धरा लागते रे. रंग आले का हात सुटते."

हे त्यांचे म्हणणे मला खरोखर पटले. आमच्या संघात सगळ्या तऱ्हेची मुले होती आणि साखळी करून चढाईवाल्याला अडवताना कोणाचा हात कोणाच्या हातात आहे हे कोणी पाहत नसे. मी बी.ए.च्या पुस्तकातला भाषणस्वातंत्र्याचा मुद्दा काढला, तर ते म्हणाले, "ते सरकारले सांग. कंपनीसंग तुहा करार हाय." हेही तसे बरोबर होते. कॉलेजात आम्हाला हेच शिकवले होते.

पण एक गोष्ट मनात टोचत होती, ती मी बोललो. "साहेब, मागच्या निवडणुकीआधी आपण सगळे जर्सी घालून एका उमेदवाराच्या सत्काराला गेलो होतो. गाडी कंपनीची होती. त्या वेळी राजकारण नव्हतं?"

मॅनेजरनी टोपी काढून डोके पुसले. "तो वरून आलेला आदेश होता," ते म्हणाले. मग हळूच, "मी काही ऐकलं नाही असं समजतो. तू काही सांगितलं नाही असं समज."

अमरावतीला जाताना बसमध्ये ही गोष्ट सगळ्यांना कळली, कारण रिबीन माझ्या पिशवीतून खाली पडली. आमचा कर्णधार अकोटकडचा. त्याचा सख्खा भाऊ त्याच मंत्र्यांच्या पक्षाचा कार्यकर्ता. त्याने रिबीन उचलून स्वतःच्या टकलावर धरली.

"काहून बे, वेण्या घालून खेळतं का उद्या?"

सगळी बस हसली. राखीव गडी मागून ओरडला, "भाऊ, त्याले टिकलीबी घेऊन द्या!"

मी शाळेचे सांगितले. नाल्याचेही सांगितले. हसणे हळूहळू थांबले. कर्णधार म्हणाला, "हे पाह्य, माह्या भावाचा पक्ष हाय. मले हे आवडलं नाई. तुले कायम व्हाचं हाय का नाई?"

"व्हाचं हाय."

"मंग?"

"मंग काही नाई. मुलींना नाला ओलांडा लागते."

मूर्तिजापूरला चहा प्यायला उतरलो तेव्हा कर्णधाराने माझ्या कपाचे पैसे दिले आणि रिबीन परत माझ्या खिशात कोंबली. म्हणाला, "गाठ नीट मार. सुटली तं लोक हसतीन."

सामन्याआधी पाहुण्यांची खेळाडूंशी ओळख करून देण्याची पद्धत असते. आम्ही ओळीने उभे राहिलो. मी डाव्या दंडावर रिबीन बांधली, बहिणींच्या वेणीला आई बांधायची तशी फुलाची गाठ मारून. मंत्री एकेकाचा हात हातात घेत पुढे येत होते. माझ्यापाशी आल्यावर त्यांची नजर दंडावर गेली.

"कोणी वारलं का घरात?" त्यांनी मायेने विचारले.

"नाही साहेब," मी म्हणालो. "अजून जिवंत आहे. आमची शाळा आहे."

त्यांनी गावाचे नाव विचारले. मी सांगितले. त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि ते पुढच्या खेळाडूकडे गेले. एवढेच झाले. घोषणा नाही, आरडाओरड नाही. पण आमच्या मॅनेजरांचा चेहरा पांढरा पडला होता आणि मंडपात बसलेल्या कंपनीच्या साहेबांनी बाजूच्याला काहीतरी विचारले, हे मला दिसले.

मग पंच नखे तपासायला आले. कबड्डीत अंगावर अंगठी, दोरा, कडे काही चालत नाही, कोणाला ओरखडा नको म्हणून. पंच म्हणाले, "हे काढा." मी लगेच काढून राखीव गड्याच्या हातात दिली. त्या वेळी मला जराही वाईट वाटले नाही. तो खेळाचा नियम होता आणि समोरच्या संघालाही तेवढाच लागू होता.

सामना चुरशीचा झाला. शेवटच्या टप्प्यात त्यांचा उत्तम चढाईपटू माझ्या, म्हणजे डाव्या, कोपऱ्यात आला. मी घोटा धरायला वाकलो, तो निसटला, पण जाता जाता त्याचे बोट माझ्या कानामागे लागले. इतके हलके की त्याला स्वतःलाही कळले नसावे. पंच दुसऱ्या बाजूला पाहत होते. तो मध्यरेषेपार परत गेला. कोणी गुण मागितला नाही.

मी हात वर केला.

पंच माझ्याकडे पाहतच राहिले. मंडपातून शिट्टी वाजली. कर्णधार दात चावून म्हणाला, "आज मराचंच हाय का तुले?" मी बाहेर जाऊन बसलो. आम्ही थोडक्यात हरलो. त्या एका गुणाने हरलो असे म्हणता येणार नाही, पण पुष्कळजण तसेच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात अकोल्याच्या कचेरीत मला बोलावणे आले. कामगार अधिकारी होते, मॅनेजर होते आणि कर्णधाराला साक्षीदार म्हणून बोलावले होते. अधिकाऱ्यांनी कराराचे कलम वाचून दाखवले. कंपनीच्या प्रतिमेला बाधा येईल असे वर्तन खेळाडूने करू नये, असा त्याचा अर्थ होता.

"माफी लिहून द्या," ते म्हणाले. "आपण विषय इथेच संपवू. तुम्हाला कायम करण्याची फाइल माझ्याकडेच आहे."

आईचा आवाज माझ्या कानात आला. मी म्हणालो, "साहेब, सामन्यात फीत नको हा नियम मला मान्य आहे. संघात पक्षाची चिन्हे नकोत, हेही मान्य आहे. मी लिहून देतो. पण मग कंपनीनेही आम्हाला जर्सीत कोणत्याही पक्षाच्या कार्यक्रमाला नेऊ नये. नियम असेल तर दोघांना असावा. आणि शाळेसाठी उभा राहिलो याची माफी मी लिहू शकत नाही."

अधिकाऱ्यांनी कर्णधाराकडे पाहिले. "तुम्ही सांगा. यांच्यामुळे संघात फूट पडली की नाही?"

मी मनातून तयारी ठेवली होती. त्याचा भाऊ, त्याचा पक्ष, हरलेला सामना, सगळे माझ्या विरुद्ध होते.

कर्णधार उभा राहिला. "साहेब, मले याचा लय राग हाय," तो म्हणाला. "फितीचा नाई, हात वर केल्याचा. घरी माह्या बायकोनं विचारलं, कप कुठी हाय. पण एक सांगतो. ज्या माणसाले कानामागं बोट लागलं तं तो सांगते, तो तुमच्यासंग लबाडी करन का? फूट गिट काही पडली नाई. आमी याले बसमध्ये टिकली घेऊन देत होतो, तेवढंच." मग जरा थांबून, "आन् त्या सत्काराले मलेबी जा लागलं होतं. माह्या भावाचा पक्ष होता तरीबी मले ते बरं वाटलं नव्हतं. मी भावासाठी माह्या कपड्यात गेलो असतो."

मॅनेजर खाली पाहत होते. मग तेही म्हणाले, "नियम दोन्हीकून असला तं मले सांभाळाले सोपं जाईन, साहेब."

निकाल पूर्ण माझ्या बाजूने लागला असे नाही. मला लेखी ताकीद मिळाली आणि कायम होणे एका वर्षाने पुढे गेले. पण नवीन करारात कलम बदलले. सामना सुरू असताना कोणतेही चिन्ह नाही. जर्सीत असताना पक्षाचे चिन्ह नाही. आणि त्याच्याच खालच्या ओळीत, कंपनी संघाला जर्सीत कोणत्याही पक्षाच्या कार्यक्रमाला पाठवणार नाही. शाळा, पाणी, रस्ता अशा प्रश्नांवर खेळाडूने मैदानाबाहेर, स्वतःच्या नावाने काही म्हटले तर ते त्याचे स्वतःचे. हे कलम मुलांना सोप्या मराठीत वाचून दाखवायचे काम मलाच दिले, कारण संघात पदवीधर मी एकटा. सरावाच्या मैदानावर सगळे मातीत बसले होते आणि मी उभा राहून वाचत होतो. वडिलांनी हे पाहायला हवे होते, असे मला वाटले.

ताकिदीचे आईला सांगितले. तिने विचारले, "मंग पुढच्या वर्षी तरी करतीन ना?" मी हो म्हटले. ती म्हणाली, "मॅडमले सांगितलं का?"

मॅडम फोन घेत नव्हत्या. म्हणून मी त्यांना पत्र लिहिले. त्याची नक्कल माझ्याजवळ आहे, ती इथे देतो.

आदरणीय मॅडम,

सविनय जय भीम.

तुम्ही माझ्यावर रागावलेल्या आहात आणि तो राग रास्त आहे, म्हणून फोनऐवजी पत्र लिहीत आहे. पत्र अर्ध्यात बंद करता येत नाही.

माझी नोकरी आहे. कायम व्हायला आणखी एक वर्ष लागेल. तुम्ही घरी येऊन वडिलांना जे समजावले होते, ते मी वाया घालवलेले नाही, हे आधी सांगतो, कारण तुमची खरी काळजी तीच होती.

तुम्ही विचारले होते, तुला नियम नाही का. आहे. तो मी वाचला आणि मानलाही. पंचांनी रिबीन काढा म्हटले तेव्हा लगेच काढली. फक्त मी कंपनीला एवढेच म्हणालो की मधली रेघ दोघांची असते. हे माझे वाक्य नव्हे, तुम्हाला ठाऊक आहे. ते आता आमच्या करारात आहे. शब्द वेगळे आहेत, पण रेघ तुमचीच आहे.

तुम्हाला धरण्यावर बसता आले नाही, याचे मला कधी वाईट वाटले नाही. तुम्ही तेव्हाही रोज शाळा उघडत होता. मला माझ्या जागेवरून जेवढे करता येत होते तेवढे मी केले.

सामन्यात माझ्या कानामागे बोट लागले होते. पंचांनी पाहिले नव्हते. मी हात वर केला. आमचा कर्णधार अजून बोलतो मला त्यावरून. मात्र परवा सरावात त्याला स्वतःला लागले, कोणी पाहिले नाही, आणि त्याचा हात वर गेला. वर गेल्यावर मला म्हणाला, "हा रोग तुह्यामुळं लागला मले."

चुलतभावाने कळवले की या जूनमध्ये तरी शाळा सुरू झाली आहे, पुढचे कोणाला माहीत नाही. ते माझ्यामुळे झाले असे मी समजत नाही. लोक उन्हात बसले होते.

या पत्रासोबत रिबीन पाठवत आहे. नवीनच आहे, एकदाच बांधली. कोणा मुलीची हरवली असेल तर तिला द्या. दिवाळीत गावी येईन तेव्हा मैदान आखायला राख मी आणतो. चुना तुम्ही आणा.

तुमचा विद्यार्थी,
डावा कोपरा